लहान मुलांसाठी नवीन गाणी आणि व्हिडिओ: शोधण्यापासून बंद करण्यापर्यंत, क्रमाने

"मुलांना दाखवण्यासारखं नवीन काहीतरी चांगलं सुचवा ना" असा मेसेज मला सारखा येतो आणि आधी मी सरळ यादी पाठवून द्यायचे. मग दोन आठवड्यांनी त्याच घरातून दुसरा मेसेज यायचा की अहो यादी छान होती पण आता तो वेगळंच काहीतरी बघतोय आणि फोन काढून घेतला की जमिनीवर लोळतो. तेव्हा कळलं की बहुतेक घरांत गाणी बरीच चांगली असतात, क्रम मात्र उलटा झालेला असतो. आधी फोन मुलाच्या हातात जातो, मग त्याच्यासमोर शोधाशोध, मग जे पहिलं दिसेल ते लागतं, ते संपलं की पुढचं आपोआप सुरू, आणि शेवटी हिसकावून घेणं.

हा क्रम सरळ करायचा तर असा: फोन तयार करा, मग मूल नसताना शोधा, मग गाणं तुमच्या तोंडी बसू दे, मग नुसता आवाज, आणि सगळ्यात शेवटी व्हिडिओ. खाली हेच सविस्तर लिहिलंय, साधारण ६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. टप्पे गाळू नका, विशेषतः चौथा, कारण तोच सगळे गाळतात.

## सुरू करण्याआधी काय लागेल

मूल झोपल्यानंतरचा एक तास, जो फोन, टॅब किंवा टीव्ही मुलासाठी वापरणार तो, तुमचा स्वतःचा हेडफोन आणि एक वही. वही खरंच घ्या, फोनमधल्या नोट्समधे लिहिलेलं आजीला किंवा सांभाळणाऱ्या ताईंना दिसत नाही आणि घरातल्या प्रत्येकाला एकच यादी माहीत असणं यातच अर्धं काम आहे.

## टप्पा १: वय आणि वेळ आधी ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे ५ वर्षांखालच्या मुलांसाठी दिलेली मार्गदर्शक तत्त्वं सोपी आहेत. १ वर्षाच्या आत स्क्रीन नको, १ वर्षाच्या मुलांनाही नकोच, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, त्यातही कमी तितकं बरं. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ महिन्यांच्या आत व्हिडिओ कॉल सोडून बाकी स्क्रीन टाळा म्हणते, आणि १८ ते २४ महिन्यांत दाखवायचंच असेल तर मोठं माणूस शेजारी बसून, निवडून, थोडंसं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे तो १ तास कोटा समजणं, जणू रोज तेवढा पुरा व्हायलाच हवा. ती वरची हद्द आहे. एक गाणं २-३ मिनिटांचं असतं, चार गाणी झाली की ८-१२ मिनिटं होतात आणि ३ वर्षांच्या मुलाला एका बैठकीला तेवढं भरपूर होतं.

गाणी नुसती ऐकणं या तासात धरायचं नाही, म्हणूनच मी म्हणते की संगीत भरपूर ठेवा आणि व्हिडिओ मोजका.

वहीत लिहा: मुलाचं वय, दिवसातली व्हिडिओची वेळ (एकच, ठरलेली), किती गाणी. झोपेच्या आधीचा एक तास त्यात येऊ देऊ नका. घरात दोन मुलं असतील, एक ५ वर्षांचं आणि एक दीड वर्षाचं, तर धाकटं जागं असताना धाकट्याचा नियम चालतो, मोठ्याला धाकटं झोपल्यावर दाखवा. हे कटकटीचं आहे, मला माहितीये, पण धाकट्याची मान स्क्रीनकडे वळतेच आणि "ते कुठे बघतंय" हा आपला समज असतो.

## टप्पा २: फोन तयार करा

गाणी शोधायच्या आधी हे करायचं. यादी तयार झाली की फोन देण्याची घाई होते आणि सेटिंग राहूनच जातं.

१. मुलासाठी वेगळी प्रोफाइल करा. तुमच्या अकाउंटवर लावलं की तुमच्या बातम्या, सिनेमांचे ट्रेलर आणि मुलांची गाणी यांची खिचडी होते, आणि ती दोन्हीकडून खराब होते.

२. यूट्यूब किड्स वापरत असाल तर मुलाच्या प्रोफाइलच्या सेटिंगमधे, पालकांच्या लॉकमागे, सामग्री तुम्ही स्वतः मंजूर करायचा पर्याय आहे, तो निवडा. त्यात तुम्ही टिक केलेले व्हिडिओ आणि चॅनेलच दिसतात आणि सर्च आपोआप बंद होतो. ४ वर्षांपर्यंतची, ५ ते ८ ची असे वयाचे तयार गटही आहेत पण ती निवड मशीन करतं, चुकीचं काहीतरी निसटू शकतं. लहान मुलांसाठी मंजुरीचाच पर्याय घ्या, पहिल्या दिवशी वेळ जातो, नंतर डोक्याला शांतता.

३. ऑटोप्ले बंद. कुठलंही अ‍ॅप असो. एक गाणं संपलं की स्क्रीन थांबली पाहिजे, टप्पा ७ मधे बंद करण्याची जी पद्धत दिलीये ती या एका सेटिंगवर उभी आहे.

४. आधीची हिस्टरी पुसून टाका, नाहीतर जुनंच पुन्हा वर येत राहतं.

५. फोन एका अ‍ॅपमधे अडकवून ठेवा. आयफोन, आयपॅडवर सेटिंगमधे अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली गाइडेड अ‍ॅक्सेस मिळेल, त्यात स्क्रीनचा टचसुद्धा बंद करता येतो. अँड्रॉइडवर सिक्युरिटीमधे अ‍ॅप पिनिंग असतं, काही फोनमधे नाव थोडं वेगळं दिसेल.

६. नोटिफिकेशन बंद. गाण्याच्या मधे मेसेज टपकला की मूल त्यावर बोट ठेवणारच.

सावधान: यूट्यूबवर एखाद्या व्हिडिओला "मुलांसाठी बनवलेलं" असं लेबल दिसलं म्हणजे तो चांगला आहे असं नाही. ते लेबल बहुतेक वेळा व्हिडिओ टाकणाऱ्यानेच लावलेलं असतं. त्यामुळे कमेंट बंद होतात, वैयक्तिक माहितीवरून दाखवलेल्या जाहिराती बंद होतात, मुख्यतः एवढंच. गाणं बेसूर आहे का, चित्रं भीतीदायक आहेत का, हे कोणी तपासलेलं नसतं.

तपासा: फोन स्वतःच्या हातात घ्या आणि २ मिनिटं मुलासारखं वागा, दिसेल त्यावर बोट मारा, परत जा, वर-खाली सरकवा. त्या यादीबाहेर पडता आलं तर मुलालाही येईल, आणि तुमच्यापेक्षा लवकर येईल.

## टप्पा ३: मूल नसताना शोधा आणि चाळा

शोधताना "लहान मुलांची गाणी" असं मोघम टाकू नका, त्यात सगळ्यात जोरात ओरडणारे चॅनेल वर येतात. मूल सध्या कशात रमलंय ते टाका: पाऊस, मुंगी, बूट घालणं, आगगाडी, दात घासणं. मग आवडलेल्या व्हिडिओवरून चॅनेलच्या पानावर जा आणि त्यांची पूर्ण यादी बघा. रोज चार-पाच व्हिडिओ, प्रत्येक तासाभराचा, नावांमधे एकमेकांशी संबंध नसलेले शब्द ठोसून भरलेले, असं दिसलं की तिथून निघा, इतक्या वेगात माणसं गाणी बनवत नाहीत.

तासाभराची संकलनं अजिबात घेऊ नका. त्यांना शेवट नसतो आणि शेवट नसलेली गोष्ट बंद करताना रडारड होणारच. सुटं, २-३ मिनिटांचं गाणं घ्या.

आता चाळणी. प्रत्येक व्हिडिओ तीनदा तपासायचा, मला एका गाण्याला ५-६ मिनिटं लागतात.

पहिल्यांदा डोळे मिटून ऐका. शब्द कळतायत का? एक आवाज आणि दोन-तीन वाद्यं असली की लहान मुलांना शब्द सुटे ऐकू येतात, दहा थर असले की नुसता गोंगाट होतो. दोनदा ऐकून तुम्हाला ध्रुवपद गुणगुणता येतंय का? तुम्हालाच येत नसेल तर ३ वर्षांच्या मुलाला कसं येईल. आणि शब्द लयीत नीट बसलेत का ते बघा, कारण एका भाषेतली चाल उचलून दुसऱ्या भाषेतले शब्द तिच्यावर कोंबलेले असतात तेव्हा ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, दीर्घ अक्षर गिळलं जातं, आणि मूल तसंच बोलायला शिकतं.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. घड्याळ लावा आणि २० सेकंदांत चित्र किती वेळा बदलतं ते मोजा. माझा स्वतःचा आकडा ६ आहे, त्याच्या वर गेलं की ४ वर्षांखालच्या मुलांसाठी मी घेत नाही. अमेरिकेत २०११ मधे ४ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात फक्त ९ मिनिटं वेगवान, कल्पनारम्य कार्टून बघितलेल्या मुलांना लगेच नंतर लक्ष आणि संयम लागणारी कामं जास्त जड गेली, चित्रं काढत बसलेल्या मुलांना तेवढी गेली नाहीत. परिणाम वेगाचा की कल्पनेचा यावर वाद आहे, पण सावकाश व्हिडिओ निवडून आपलं काही जात नाही. लख्खकन उघडझाप होणारा प्रकाश सेकंदाला ३ वेळांपेक्षा जास्त असेल तर तो व्हिडिओ सरळ काढून टाका, काही मुलांना त्याने आकडी (फिट) येऊ शकते.

शब्द आणि चित्र एकमेकांना धरून आहेत का तेही आवाज अधूनमधून चालू करून बघा. हल्ली मशीनने बनवलेले व्हिडिओ खूप आलेत आणि वरवर ते चकचकीत दिसतात. ओळखायच्या खुणा: हाताला बोटं कमीजास्त, पाटीवरची अक्षरं वाकडी किंवा अक्षरंच नाहीत, मधेच कपड्यांचा रंग बदलतो, कोणी गात नसताना ओठ हलतात. मी एकदा घाईत न तपासता एक अंकांचं गाणं लावलं होतं. आवाज म्हणतोय "पाच" आणि पडद्यावर फुगे सहा. आमचा धाकटा तेव्हा ४ वर्षांचा, त्याने स्क्रीनजवळ जाऊन एकेका फुग्यावर बोट ठेवून मोजले, पुन्हा मोजले, मग सहावं बोट तसंच धरून माझ्याकडे वळून बघत राहिला. आपलं मोजणं चुकलं असंच त्याला वाटलं होतं. तेव्हापासून मी घाईत काहीच लावत नाही.

तिसऱ्यांदा मधला आणि शेवटचा भाग बघा. सगळे सुरुवातीची ३० सेकंद बघून ठरवतात आणि घोटाळा मधे असतो. रडणाऱ्या मुलाची थट्टा, कोणी पडलं की हसणं, अंधारात अचानक उडी मारणारं पात्र, गाण्याच्या नावाखाली खेळण्यांची जाहिरात, शेवटी अर्धा मिनिट "बटण दाबा, बटण दाबा". यातलं काही सापडलं तर बाकी गाणं कितीही गोड असो, वहीत काट मारा.

तपासा: एवढ्या चाळणीतून २० पैकी ४-५ गाणी उरली तर काम बरोबर चाललंय. १५ उरली तर तुम्ही कंटाळून पुढे ढकलताय, उद्या परत बसा.

## टप्पा ४: गाणं आधी तुमच्या तोंडी बसू दे

आता हा गाळला जाणारा टप्पा. नवीन गाणं मुलाने पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकावं, व्हिडिओतून नको.

कारण साधं आहे. साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत मुलं समोरच्या माणसाकडून जितकं शिकतात तितकं तीच गोष्ट स्क्रीनवर दाखवली तर शिकत नाहीत, हे अनेक प्रयोगांत दिसलंय. माणूस थांबतं, मुलाच्या डोळ्यांत बघतं, मूल चुकलं की ओळ परत घेतं. व्हिडिओ पुढे निघून जातो. आणि घरातल्या माणसाच्या आवाजात ओळखीचं झालेलं गाणं नंतर स्क्रीनवर दिसलं की मूल "हे माझं गाणं" म्हणून बघतं, तोंड उघडं टाकून नुसतं टक लावून बसत नाही.

करायचं असं:

१. दोन दिवस ते गाणं स्वतः ऐका, काम करताना, हेडफोनवर. वेग जास्त वाटला तर ०.७५ वर लावा.

२. पट्टी ठरवा. आपण मोठी माणसं आपल्या सोयीने खाली गातो आणि मूल मग गाण्याऐवजी बोलल्यासारखं म्हणतं. ३ ते ५ वर्षांच्या मुलांचा गळा साधारणपणे पेटीवरच्या मधल्या सप्तकातल्या सफेद दोन ते सफेद सहा (दुसरी ते सहावी पांढरी पट्टी) एवढ्यात आरामात फिरतो. बाबांनी खर्जात सुरुवात केली तर मुलाला ती जागाच सापडत नाही. पेटी नसेल तर मुलाला हाक मारताना तुमचा आवाज नैसर्गिकपणे जिथे चढतो त्याच्या आसपास सुरू करा.

३. एक ओळ घ्या. पूर्ण गाणं नको. समजा ओळ अशी आहे (ही आम्ही घरीच जुळवलेली):

डबा उघडला, झाकण पडलं,
झाकण शोधायला कोण बरं गेलं?

पहिल्या दिवशी एवढंच, हाताने डबा उघडल्याची खूण, झाकण पडल्याची टाळी. "कोण बरं" नंतर थांबा. खरंच थांबा, मनात चारपर्यंत मोजा. मूल "गेलं" म्हणेल किंवा नुसतं बघेल किंवा स्वतःचं नाव सांगेल, तिन्ही चालतं.

४. कुठल्यातरी रोजच्या कामाला ओळ बांधा, बूट घालताना, आंघोळीला, खेळणी उचलताना. वेगळा "गाण्याचा तास" लावला की दोन दिवसांत बंद पडतो.

नेहमीची चूक: "म्हण ना, काल म्हटलं होतंस ना, पाहुण्यांना म्हणून दाखव." नका करू. मूल गाणं आधी आत साठवतं आणि कितीतरी दिवसांनी एकटंच खेळताना बाहेर काढतं. मागे लागलं की ते गाणं परीक्षा होऊन जातं.

तुमचा आवाज चांगला नसेल तरी म्हणा. मुलाला तुमचा आवाज हवा असतो, सुरांचे मार्क कोणी देत नाही.

## टप्पा ५: मग नुसता आवाज, स्क्रीन पालथी

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच गाणं स्पीकरवर लावा. फोन पालथा किंवा दुसऱ्या खोलीत.

दिवसभर मागे गाणी लावून ठेवू नका. टीव्ही नुसता मागे चालू असला तरी आईवडील मुलांशी कमी बोलतात असं अभ्यासांत आढळलंय आणि माझा अनुभव गाण्यांबाबतही तोच आहे, घरात सतत काहीतरी वाजत असलं की आपणच गप्प होतो. दोन-तीन गाणी लावा, ऐका, नाचा, बंद करा. बंद केल्यावरची शांतताही महत्त्वाची, गाणं मुलाच्या ओठांवर येतं ते तेव्हाच.

आवाजाबद्दल थोडं नीट सांगते कारण इथे चुका फार होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकात मुलांसाठी सुरक्षित ऐकण्याची मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी धरलीये. प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो: ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला फक्त ५. मुलांचे म्हणून विकले जाणारे बरेच हेडफोन ८५ डेसिबलला थांबतात, म्हणजे "मर्यादा आहे" म्हणून दिवसभर कानाला लावून ठेवण्यासारखे ते नाहीत. त्यामुळे घरी हेडफोन नकोच, स्पीकर बरा, सगळ्यांना ऐकू येतं आणि काय चाललंय ते तुम्हालाही कळतं.

तपासा: मूल जिथे बसतं तिथे, त्याच्या कानाच्या उंचीवर फोन धरून आवाज मोजणारं एखादं अ‍ॅप लावा. अ‍ॅपचा आकडा अंदाजे असतो पण ६० च्या आसपास आणि ८० च्या पुढे यातला फरक कळतो. अ‍ॅप नसेल तर हाताच्या अंतरावर बसून नेहमीच्या आवाजात बोला. एकमेकांचं ऐकू येत नसेल तर कमी करा.

## टप्पा ६: आता व्हिडिओ

बसायची जागा ठरलेली ठेवा. शक्य असेल तर टीव्ही किंवा टॅब, फोन शेवटचा, कारण फोन मूल हातात घेऊन डोळ्यांना लावतं आणि मग ते त्याचं खाजगी होतं. खोलीत दिवा चालू. जेवताना नाही. हे शेवटचं अनेकांना जड जाईल, तरी जेवण आणि स्क्रीन एकदा चिकटले की सोडवायला महिने जातात, नवीन गाण्यांनी तरी तिथे सुरुवात करू नका.

पहिल्या वेळी शेजारी बसा, सुरुवातीला सांगा: "आज डब्याचं गाणं बघायचं आणि मग पावसाचं. दोन." बोटं दाखवा.

पहिल्यांदा पूर्ण बघू द्या, मधे बोलू नका. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा एकदा-दोनदा थांबवा आणि विचारा, "झाकण कुठे गेलं?" तिसऱ्यांदा उभे राहून सोबत करा. मूल हातवारे करतंय, शब्द म्हणतंय, मधेच तुमच्याकडे बघतंय म्हणजे नीट चाललंय. तोंड उघडं, हात सैल, हाक मारली तरी मान वळत नाही असं झालं तर तो व्हिडिओ त्या वयासाठी फार वेगवान आहे. यादीतून काढा, मूल मागेल तरी.

घाबरलं तर? "त्यात काय घाबरायचं" म्हणू नका. बंद करा, जवळ घ्या, ते चित्र त्याला कसं वाटलं ते त्याच्याच शब्दांत सांगू द्या. पुन्हा तो व्हिडिओ लावायचाच नाही, गाणं तुम्ही तोंडाने म्हणा, चित्राशिवाय.

## टप्पा ७: बंद करणं

रडारड इथे होते म्हणून सगळे यावरच उपाय विचारतात, पण टप्पा २ मधला ऑटोप्ले आणि टप्पा ३ मधली सुटी गाणी जमली असतील तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

आपल्याला वाटतं "दोन मिनिटांत बंद हं" असं आधी सांगितलं की सोपं जाईल. २०१६ मधे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान मुलांच्या घरांत याच्या नोंदी घेतल्या तेव्हा उलटं दिसलं, दोन मिनिटांची सूचना दिली तेव्हा बंद करणं जास्त अवघड गेलं. व्हिडिओ आपणहून संपला तेव्हा मात्र मुलं सहज उठली. लहान मुलाला दोन मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही, गाणं संपलं ते कळतं.

म्हणून:

१. वेळ सांगू नका, गाणी सांगा. "हे आणि अजून एक."

२. गाण्याच्या मधे कधीही बंद करू नका. तुम्हाला उशीर होत असेल तर मुळात लावूच नका.

३. शेवटच्या गाण्यानंतर बटण मुलाला दाबू द्या. रोज. हे त्याचं काम.

४. लगेच पुढची गोष्ट तयार हवी आणि ती गाण्याशी जोडलेली. डब्याचं गाणं झालं, खरा डबा आणि झाकण समोर. हे आधीच काढून ठेवा, बंद केल्यावर शोधत बसलात तर ती वेळ निसटते.

५. "अजून एक" आलं तर एकदा शांतपणे, "दोन झाली. उद्या परत." आणि तुम्ही स्वतः त्या क्षणी फोनमधे बघू नका, कृपा करून.

पहिले चार-पाच दिवस रडेल. एकदा दयेने अजून एक लावलंत की मूल शिकतं की रडल्यावर मिळतं, आणि मग पुढच्या वेळी रडणं लांबतं. घरातल्या सगळ्यांचं यावर एकमत हवं, म्हणून ती वही.

## टप्पा ८: तेच तेच, आणि नवीन कधी

एकाच वेळी ५ गाण्यांच्या वर यादी नको. मुलाला तेच गाणं वीस वेळा हवं असतं आणि आपण कंटाळतो म्हणून नवीन आणतो. १९९९ मधे प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३ ते ५ वर्षांच्या मुलांना एका कार्यक्रमाचा एकच भाग सलग ५ दिवस दाखवला, मुलांचं कळणं वाढत गेलं आणि ती पडद्याकडे बघून मोठ्याने उत्तरं द्यायला लागली. तेव्हा पुन्हा पुन्हा मागणं म्हणजे शिकणं चालू आहे असं समजा.

नवीन गाणं आणायची खूण माझ्या मते एकच: मूल जुन्या गाण्याचे शब्द स्वतः बदलायला लागतं. झाकणाऐवजी मोजा पडतो, मोज्याऐवजी आजोबा पडतात. मग एक जुनं काढा, एक नवीन आणा, पुन्हा टप्पा ३ पासून. काढलेलं गाणं फक्त स्क्रीनवरून काढायचं, तोंडात राहू द्या.

महिन्यातून एकदा मंजूर केलेल्या चॅनेलवर फेरी मारा. आधी चांगले असलेले चॅनेल पुढे घाईने काहीबाही टाकायला लागतात आणि पूर्ण चॅनेल मंजूर केलं असेल तर तेही मुलाला दिसतं. म्हणून जमेल तिथे चॅनेलऐवजी सुटे व्हिडिओच मंजूर करा.

## घरातल्या माणसांचे व्हिडिओ

हे करून बघाच. आजी, आत्या, मामा, लांब राहणारं जे कोणी असेल त्यांना २ मिनिटांचं एक गाणं म्हणून पाठवायला सांगा. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, उजेड चेहऱ्यावर (खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा येतो), पंखा बंद, आणि ओळीनंतर थांबायचं, म्हणजे मुलाला म्हणायला जागा मिळते. सुरुवातीला मुलाचं नाव घेतलं की झालं, त्याच्यासाठी त्याहून मोठा कार्यक्रम नाही.

ते व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपमधेच ठेवा, सगळ्यांना दिसेल असं कुठे टाकू नका, विशेषतः मुलाचं नाव, शाळेचा गणवेश किंवा घराचा पत्ता त्यात दिसत असेल तर. आणि आजीचा आवाज सुरुवातीला थरथरला तरी परत रेकॉर्ड करायला लावू नका. आमच्याकडे असाच एक व्हिडिओ आहे, आजी दुसऱ्या ओळीला अडखळते, "थांब हं, आठवू दे" म्हणते आणि मग पुढे गाते. धाकटा ते गाणं म्हणताना दुसऱ्या ओळीला थांबतो, "थांब हं, आठवू दे" म्हणतो आणि मगच पुढची ओळ घेतो.